नदीच्या बाजूनं

प्रिय दादा,

हे पत्र मी उभ्यानं लिहितेय. आमच्या वर्गाच्या खिडकीचा कट्टा माझ्या छातीइतका उंच आहे, त्यावर कागद ठेवलाय. बसून लिहायला गेले, पण दोन ओळी झाल्या की उठते, पाण्याच्या पिंपापर्यंत जाते, तहान नसताना पाणी पिते आणि परत येते. बाकी सगळे जेवायला खाली गेलेत. मला भूक नाही म्हटलं तर आमच्या वर्गातल्या नर्सनं कपाळाला हात लावून पाहिला आणि "ताप नाही, नुसती घालमेल आहे" असं निदान करून ती गेली. फोन करावा तर तू तिकडून "हं, हं, बोल" म्हणतोस, मागे यंत्रांचा खडखडाट चालू असतो, आणि मी मूळ गोष्टीवर येईपर्यंत तुला कुणीतरी हाक मारतं. शिवाय काही गोष्टी बोलायला लागलं की माझा आवाज चिरकतो. म्हणून कागद. तू म्हणशील, या बडबडीला कागद कधीपासून पुरायला लागला? पुरणार नाहीच. पण निदान तुला मध्येच तोडता यायचं नाही.

मी 'कसलातरी कोर्स' करते एवढंच तुला माहीत आहे. त्याचं पूर्ण नाव 'शाश्वत मानवी विकास आणि सुशासन : युवा कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षण' असं आहे. पहिल्या दिवशी घरी येऊन मी ते आईला एका दमात म्हणून दाखवलं. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "म्हणजे नळाला पाणी येणार का?" मी म्हटलं, तेही त्यात येतं. "मग ते नाव जरा आखूड करायला सांग तुझ्या बाईंना," म्हणाली, आणि वरच्या फळीवरचा डबा काढून दे म्हणून मला कामाला लावलं. आठवडाभर औषधांच्या दुकानात उभं राहायचं आणि शनिवार-रविवार इथे यायचं, असं चाललंय. वर्ग शिलाई यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर आहे. खाली कुणी यंत्र चालवून पाहिलं की आमच्या पायाखालची फरशी थरथरते आणि फळ्यावरचा खडू खाली पडतो. खुर्च्यांपैकी निम्म्या लंगड्या आहेत. पहिल्यांदा आलेला माणूस हमखास त्यातलीच एक पकडतो आणि आम्ही सगळे गुपचूप बघत राहतो.

बाईंबद्दल तुला सांगायलाच हवं. त्या पूर्वी न्यायालयात लघुलेखक होत्या. जन्मभर लोकांची लांबलचक बोलणी टिपून घेतल्यामुळे त्यांना पाल्हाळाचा मनस्वी कंटाळा आहे. आणि त्यांच्या वाट्याला मी आले! पहिल्याच दिवशी मला उभं करून म्हणाल्या, "तुझ्या वस्तीत काय चुकतंय ते सांग." मी सुरू झाले. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "संपलं? आता यातलं पालिकेच्या अध्यक्षांच्या कानात शिरेल असं एक वाक्य काढ." मला निघेना. वर्ग हसला. त्या दिवशी मी रागानं धुमसत घरी आले आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. त्यांनी आम्हाला नगरपालिकेचं अंदाजपत्रक वाचायला शिकवलं, सभेचं इतिवृत्त मागायला शिकवलं, अधिकाऱ्यासमोर आवाज न चढवता तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला शिकवलं. हे कुणी ठरवलं, पैसे कुठून आले, त्रास कुणाला होणार आणि ज्यांना होणार त्यांना कुणी विचारलं का, एवढं कळल्याशिवाय त्या आम्हाला तोंड उघडू देत नाहीत. वर्गात एक वकिलीचा विद्यार्थी आहे. तो 'माझा मुद्दा असा आहे की' म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाही. त्याचं नावच आम्ही 'मुद्दा' पाडलंय. आता त्याची आईही त्याला फोनवर मुद्दा म्हणते म्हणे.

तर प्रत्येकानं आपापल्या गावचा एक खराखुरा प्रश्न घ्यायचा होता. मला शोधावा लागलाच नाही. आपल्या वस्तीच्या प्रत्येक दारावर नोटीस चिकटली होती. नदीकाठ मोकळा करायचा, तिथे झाडं आणि फिरायला पायवाट करायची, आणि आपल्याला पार शहराबाहेर, बायपासच्या वळणरस्त्याच्याही पलीकडे नव्या इमारतींत न्यायचं; हरकत असेल तर ती पालिकेच्या सुनावणीत मांडायची. फोनवर मी तुला यातलं अर्धंमुर्धं सांगितलं होतं. मी पेटलेच होते. श्रीमंतांना सकाळी फिरायला जागा हवी म्हणून आम्ही घर सोडायचं? वर्गात असं काही बोलले की सगळ्या गटानं माझाच विषय उचलला. बातमी वस्तीत पोचली तेव्हा टेलरकाकांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "सुनावणीत आमची पोर बोलणार आहे." वस्तीच्या समितीचे ते अजूनही प्रमुख आहेत. अजूनही कानावर पेन्सिल. तुझ्या पहिल्या पँटचं माप आपण घेतलं होतं हे अजूनही सांगतात, आणि सांगून झाल्यावर आईकडे बघून गप्प होतात.

मग त्याआधी वर्गातल्या सराव-सुनावणीचा दिवस ठरला. बाईंनी चिठ्ठ्याबिठ्ठ्या काढल्या नाहीत, सरळ बोट दाखवलं. वस्तीच्या बाजूनं मुद्दा बोलणार. आणि मी नगरपालिकेच्या नदी विभागाचा अभियंता! मी म्हटलं, "बाई, मी? माझं घर आहे तिथे." "म्हणूनच," त्या म्हणाल्या. "समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडता आलं नाही, तर तुला तुझं म्हणणंही अजून कळलेलं नाही." मला इतका राग आला की मी ठरवलं, त्या माणसाला भेटून त्याची नक्कलच उतरवते. खांदे कसे पाडतो, चष्मा कसा वर करतो, सगळं.

नदी विभाग पालिकेच्या मागच्या इमारतीत तळघरात आहे. पुराचा विभाग तळघरात, आहे की नाही गंमत! अभियंतासाहेब डबा खात होते. मी कोण ते सांगितल्यावर झाकण लावत म्हणाले, "घोषणा बाहेर द्यायच्या. आत फायली भिजतात." मी म्हटलं, मी घोषणा द्यायला नाही, तुमची बाजू समजून घ्यायला आले. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "माझी बाजू?" म्हणाले. "ती विचारायला आजवर कुणी आलं नाही." मग त्यांनी टेबलावरचं सगळं बाजूला सारून नकाशा पसरला. गोड बोलणारा माणूस नाही तो. मी काही विचारलं की आधी चिडायचे, मग सांगायचे. वरच्या अंगाला नदीचे दोन्ही काठ सिमेंटनं बांधून काढलेत, नवा पूल झालाय, गोदामं झालीत. पाणी पूर्वी शेतांत पसरायचं, आता त्याला पसरायला जागाच उरली नाही. ते सगळं एका लोंढ्यानं खाली येतं, आणि खाली पहिल्यांदा लागते ती आपली वस्ती. नकाशावर एक निळी रेघ होती, पुराचं पाणी कुठवर चढेल ते दाखवणारी. मी आपली गल्ली शोधली. मग आपलं घर. ते रेघेच्या आत होतं, दादा. काठावर नाही, चांगलं आत. टेलरकाकांचं, शाळेचं, नळाचं, सगळंच.

तुझ्या जाण्यानंतर पाणी आलं होतं ते तुला आठवतच असेल. आपल्या घरात ते खिडकीपर्यंत चढलं होतं. आम्ही सगळे शाळेच्या वरच्या मजल्यावर होतो आणि तू टेलरकाकांच्या फोनवर सारखा फोन करत होतास. आईनं फोन घेतला नाही. पण मी तुझ्याशी बोलत होते तेव्हा ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती, कान फोनकडे करून. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तर मी साहेबांना विचारलं, तसंच पाणी परत येईल का? ते म्हणाले, "तसं? ते लहान होतं." मग माझ्याकडे न बघता, "माणसं हलवा असं मीच लिहून दिलं होतं. पायवाटेचं मी लिहिलं नव्हतं. आणि ती वळणरस्त्यापलीकडची जागाही माझी नाही. तिथून सकाळी कामावर कसं यायचं, हे मलाही माहीत नाही."

सराव-सुनावणीत मी जिंकले. नक्कल वगैरे काही केली नाही, गरजच पडली नाही. मी फक्त नदीच्या बाजूनं बोलले. मुद्दा तीनदा उठला आणि तीनदा खाली बसला. शेवटी वर्ग टाळ्या वाजवत होता आणि मी बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत होते. आपल्याच घराविरुद्ध इतकं चांगलं बोलता येतं, हे कळणं काही सुखाचं नसतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नकोस. दुकानात खोकल्याच्या बाटलीऐवजी केसांच्या तेलाची बाटली बांधून दिली. मालक म्हणाले, "लग्न ठरलंय का?" घरी आई म्हणायची, एका जागी बस, भोवळ येते तुझ्याकडे बघून. वस्तीत जो भेटेल तो पाठ थोपटायचा आणि मला ती थाप निखाऱ्यासारखी लागायची. शेवटी बाईंना सांगितलं की मला 'आम्ही हलणार नाही' असं बोलता येणार नाही, कारण ते खरं नाही. मला वाटलं होतं, त्या शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "मग काय करणार?" मी म्हटलं, सुनावणीत खरं ते सांगणार. बाई एवढ्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "तुला कुणी पाठवलंय? वस्तीनं. त्यांना अंधारात ठेवून तिथे वेगळं बोललीस तर तो खरेपणा नाही, दगा आहे. आधी घरी सांग. तिथे बोलायची हिंमत नसेल तर अध्यक्षांसमोरच्या हिमतीला काही किंमत नाही."

सांगितलं. टेलरकाकांच्या दुकानासमोर, भर दुपारी, सुट्टीच्या दिवशी. मुद्दाही आला होता, न बोलावता, नकाशाची मोठी प्रत काखेत मारून. मी निळी रेघ दाखवली. आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. दादा, ज्या माणसांनी मला कडेवर घेऊन फिरवलं, ती माणसं माझ्यावर तुटून पडली. कुणी म्हणालं, विकत घेतली पोरीला. कुणी म्हणालं, शिकून शहाणी झाली, आता आम्हाला उठवायला आली. मागच्या गल्लीतल्या मावशी, ज्यांनी पुराच्या वेळी मला पाठुंगळीला घेऊन शाळेत नेलं होतं, त्या मध्येच उठून चालत्या झाल्या. ते सगळ्यांत जास्त लागलं. मी आईकडे पाहिलं. ती मागे भिंतीला टेकून उभी होती, चेहरा कोरा. टेलरकाका कितीतरी वेळ नकाशाकडे बघत होते. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी एका ठिकाणी ठेवली आणि विचारलं, "इथे उंच आहे का?" तो बंद पडलेला बसडेपो होता. मुद्दा पुढे झाला, त्यानं उंचीच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाला, "उंच आहे, काका." नुसतं एवढंच. मुद्द्याविना बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

तिथून चक्र फिरलं. लगेच नाही, बरं का. आठवडेच्या आठवडे भांडणं झाली. बायका आधी तयार झाल्या, कारण डेपो बाजाराच्या पाठीमागे आहे आणि कामाला चालत जाता येतं. म्हातारी माणसं शेवटपर्यंत तयार नव्हती, काही अजून नाहीत. मी दारोदार फिरले. पहिल्या फेरीत निम्मी दारं तोंडावर लागली, मग हळूहळू कुणी उभ्या उभ्या ऐकू लागलं, कुणी आत बसवू लागलं. मागच्या गल्लीतल्या मावशींनी चहाचा कप पुढे केला तेव्हा मला रडूच फुटलं, आणि त्या म्हणाल्या, "पुरे गं, चहा खारट होईल." ठरलं ते असं की हलायचं, पण सगळ्यांनी एकत्र, डेपोच्या जागेवर, आणि तिथे आधी नळ लागेल, मग आमची बोचकी निघतील.

सुनावणीत मी बोलले. एकाच वाक्यानं सुरुवात केली. "नदीला जागा द्यायला आम्ही तयार आहोत, आम्हाला जागा द्यायला तुम्ही तयार आहात का?" बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं हे मी पाहिलं. अध्यक्षांची अडचण झाली. आरडाओरडा होणार अशी त्यांची तयारी होती, ती वायाच गेली. डेपोची जागा व्यापारी संकुलासाठी राखीव आहे म्हणाले. मी विचारलं, हे कुणी ठरवलं, कुठल्या सभेत? ते कागद चाळू लागले. तोच प्रश्न मी परत विचारला. तिसऱ्यांदाही विचारला, आवाज न चढवता. कागद सापडला नाही, कारण तो नव्हताच. मग मी अभियंतासाहेबांना विचारलं की आमच्यासाठी वळणरस्त्यापलीकडची जागा योग्य आहे असं तुमचं मत आहे का. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "नाही. नोंद करून घ्या." त्यांची बदली झालीय आता, दुसऱ्या गावी. मी भेटायला गेले तर आवराआवर करता करता चिडूनच म्हणाले, "तिथलं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, बरंच झालं." मला मात्र ते टोचत राहिलंय. त्यांना तो प्रश्न चारचौघांत मीच विचारला होता.

निकाल आला. डेपोचा मागचा भाग आपल्याला. पुढचा भाग दुकानांना, त्यासाठीचं भांडण अजून बाकी आहे, मुद्दा त्यावर अर्ज लिहितोय. नळ लागलेत, मी स्वतः तोटी उघडून पाहिली. बाईंनी मला पुढच्या तुकडीला शिकवायला ठेवून घेतलंय. नवी मुलंमुली येतात, मोठमोठं बोलतात आणि मी खिडकीबाहेर बघायला शिकतेय. हे सगळं चांगलं आहे ना? मग मी अशी तव्यावर उभी असल्यासारखी का आहे? कारण वस्तीत सगळ्यांची बांधाबांध सुरू झालीय, टेलरकाकांनी मशिन हलवलंसुद्धा, आणि आपल्या घरात आई एक वाटीदेखील हलवू देत नाही. समितीच्या मतदानातही तिनं हात वर केला नव्हता, ना या बाजूनं, ना त्या बाजूनं. मी विचारते, काय अडचण आहे? एकदा म्हणाली, लाँड्री लांब पडेल. ती कामाला जाते ती हॉस्पिटलची लाँड्री तर डेपोला लागून आहे, भिंतीला भिंत. मग म्हणाली, नव्या बांधकामाचा वास सोसत नाही. मग म्हणाली, शेजार कोण मिळेल काय माहीत. शेजारी तर हेच, सगळे! मी चिडून म्हटलं, अख्ख्या वस्तीला पटवलं आणि तुलाच पटवता येत नाही. तर पदर खोचत म्हणाली, "तू गावाची पुढारी. माझी नाहीस." तुझं नाव आमच्यात निघत नाही. तुझ्या लग्नाची बातमी आली त्या दिवसापासून नाही. तिनं तुला काय ऐकवलं ते मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं, आणि तू मागे वळून न बघता गेलास तेही पाहिलं होतं. वहिनीला तर ती 'ती' सुद्धा म्हणत नाही. जणू त्या माणसासाठी भाषेत शब्दच नाही.

परवा पालिकेची मोजणीवाली आली. घरात जितकी माणसं, त्या मानानं नव्या ठिकाणी जागा मिळणार आहे. दारात उभी राहून तिनं विचारलं, घरात माणसं किती? मी 'दोन' म्हणायला तोंड उघडलं तोच आतून आईचा आवाज आला, "तीन." मी वळून पाहिलं. ती ओले हात पुसत पुढे आली आणि नावं सांगू लागली. तिचं, माझं, मग तुझं, बाबांच्या नावासकट पूर्ण, अगदी शाळेत घालताना सांगावं तसं. मोजणीवालीनं विचारलं, "कुठे आहेत हे?" आई म्हणाली, "कामाला गेलाय." जणू तू सकाळीच डबा घेऊन गेलायस. ती बाई लिहून घेऊन पुढच्या दाराकडे गेली. आई तिथेच उभी. मग एकाएकी अनवाणी गल्लीत उतरली आणि मोठ्यानं हाक मारली, "अहो ताई, थांबा जरा. चार करा. सून राहिली."

पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, दादा. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पडताळणी आहे. ज्यांची नावं दिलीत ती माणसं समोर दिसली पाहिजेत, नाहीतर नाव खोडलं जातं. हा नियम सुनावणीत मीच मागून घेतला होता, खोटी नावं घुसू नयेत म्हणून. मी आईला म्हणू शकले असते की हे बरोबर नाही. मोजणीवालीच्या मागे जाऊन आकडा दुरुस्त करू शकले असते. बाईंनी तसंच केलं असतं. माझे पाय हलले नाहीत. त्या दिवसापासून आई घर आवरायला लागलीय. तुला बोलावलंय असं ती म्हणणार नाही, मी हे पत्र लिहिलं ते तिला माहीत नाही, आणि तुम्ही दोघं आलात तरी पहिल्यांदा बहुतेक ती तुमच्याकडे न बघता मलाच काहीतरी काम सांगेल. तेवढं तू सोसून घे, वहिनीलाही आधी समजावून सांग. पण ये. दोघं या. मोजणीवाली परत दारात उभी राहील तेव्हा आईला तिच्यासमोर खोटं पडू देऊ नकोस.

तुझीच,
बडबडी